डायव्हर्शनची पावती आणि अर्धवट जोती: इंदूरजवळच्या एका घोडे-बैलांच्या फार्मचं प्रकरण

मी इंदुरात आर्किटेक्ट आहे. नकाशे काढणं आणि ते मंजूर करून आणणं हे माझं रोजचं काम. हे प्रकरण माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. गावाचं नाव, खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, बाकी सगळं घडलं तसं. शहराबाहेर स्वतःच्या शेतावर जनावरांच्या भोवती पर्यटन उभं करायचं म्हणणारे लोक आता दर महिन्याला भेटतात आणि जवळजवळ सगळे त्याच ठिकाणी अडखळतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पार्श्वभूमी

कुटुंब इंदुरातल्या राजेंद्रनगरचं. दादा बँकेतून लवकर निवृत्त झालेले, वहिनी शाळेत शिकवायच्या. खंडवा रोडच्या बाजूला आजोबांनी घेतलेली आठ बिघे जमीन, म्हणजे साधारण दोन हेक्टर. वर्षानुवर्षं बटाईने दिलेली. पावसाळ्यात सोयाबीन, नंतर गहू. मुलगा शाळेपासून घोड्यावर बसणारा. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी सुवर्ण आलं आणि त्या संघात इंदूरची सुदीप्ती हजेला होती. त्यानंतर मुलाला रोज कोणी ना कोणी विचारायचं, ‘आमच्या मुलीला कुठे शिकवता येईल?’ तिंछा, चोरल या सहलीच्या ठिकाणांकडे जाणारी शनिवार-रविवारची गर्दी तर याच भागातून पुढे जाते.

बेत असा ठरला: पाच घोडे, दोन निमाडी बैल आणि एक बैलगाडी, तीन माळवी गाई, थोड्या शेळ्या. मुलांना रपेट, गाडीची फेरी, दूध काढायला शिकवणं, दुपारी दाल-बाफले. रात्री राहणाऱ्यांसाठी चार कॉटेज. मुलाच्या यादीत पोपटांचा पिंजरा आणि एक उंटही होता. पोपट मी पहिल्याच भेटीत खोडला. आपल्याकडचा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग तो दुकानातून आणलेला असो की झाडावरून पडलेला. उंट राजस्थानातून आणायचा म्हटलं तर तिथला २०१५ चा उंटांचा कायदा आड येतो, राज्याबाहेर नेण्यावर बंधनं आहेत. शिवाय माळव्याची काळी माती पावसात साबणासारखी होते. वाळूवरच्या जनावराचे पाय त्या चिखलात घसरतात.

अडचण

माझ्याकडे ते आले तेव्हा तबेला उभा होता, दोन कॉटेजची जोती बांधून झाली होती, उरलेल्या दोनांचे पाये खणले होते, आणि दादांच्या हातात काम थांबवण्याची नोटीस होती.

‘पण आम्ही डायव्हर्शन केलंय,’ दादा पुन्हा पुन्हा म्हणत होते. फाइलमधून त्यांनी पावती काढली, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली. प्रीमियम भरलेला, नव्या दराचा महसूल भरलेला, एसडीएम (उपविभागीय अधिकारी) कार्यालयाला सूचना दिलेली. सगळं खरं होतं. आणि तरी नोटीसही बरोबर होती.

हा घोळ इथे नीट समजावून सांगते. मध्य प्रदेशात २०१८ पर्यंत शेतजमिनीचा वापर बदलायचा, म्हणजे डायव्हर्शन करायचं, तर भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १७२ खाली एसडीएमचा आदेश लागायचा. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम गेलं. आता कलम ५९ खाली भूमिस्वामी स्वतःच प्रीमियम आणि महसुलाचा हिशेब करतो, पैसे भरतो आणि सूचना देतो. काम सोपं झालं, पण त्यामुळे लोकांच्या मनात पावती म्हणजेच परवानगी असं पक्कं बसलं. डायव्हर्शन हा सरकारच्या महसुलाचा प्रश्न आहे: या जमिनीवर आता कोणत्या दराने आकारणी करायची? तिथे काय बांधता येईल, हा प्रश्न वेगळ्या कायद्याचा, मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ चा. गाव इंदूरच्या निवेश क्षेत्रात, म्हणजे शहराच्या नियोजनाच्या हद्दीत, येत असेल तर विकास योजनेत त्या जमिनीला कोणता उपयोग दिला आहे ते बघावं लागतं आणि कलम २९ खाली अर्ज करून विकासाची परवानगी घ्यावी लागते. दादांचं गाव निवेश क्षेत्रात होतं. जमिनीचा उपयोग: कृषी.

नोटीस कुठून आली याचा शोध घेतला तर मूळ शेजारच्या शेतात निघालं. तक्रार शेजारी काकांची होती. वहिनींना ते फार लागलं, कारण त्या घरी यांचं येणंजाणं होतं. मी काकांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला बांधावर नेलं आणि घडलेलं सगळं जागेवर दाखवलं. ऑक्टोबरमधला रविवार. सोयाबीन काढून ट्रॉली भरलेली, आभाळ भरून आलेलं. गाडरस्त्यावर दादांच्या पाहुण्यांची टेम्पो ट्रॅव्हलर आडवी उभी, ड्रायव्हर बेपत्ता. ट्रॅक्टर अर्धा तास तिथेच. हॉर्न वाजवला तर रपेटीवरचा घोडा बुजला आणि वर बसलेलं पोर रडायला लागलं. तेवढ्यात सरी आल्या. भिजलेल्या सोयाबीनला मंडीत काय भाव मिळतो ते काकांनी मला आकड्यात सांगितलं. मग ते विहिरीकडे वळले. दादांचा उकिरडा नाल्याच्या कडेला होता आणि उतार सरळ काकांच्या विहिरीकडे. ‘यांचे पाहुणे बाटलीचं पाणी पितात,’ ते म्हणाले, ‘आम्ही हे पितो.’

त्यानंतर त्या तक्रारीला खोडसाळ म्हणणं मला शक्यच नव्हतं.

पर्याय

राजेंद्रनगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर आम्ही तीन संध्याकाळी बसलो. एका नातेवाइकांचं मत होतं की शनिवार-रविवार चालू ठेवा, आजूबाजूला सगळे तसंच चालवतात, पुढे बघून घेऊ. दादांचा कल सुरुवातीला तिकडे होता. घोड्यांचा खर्च रोजचा आहे, तो नोटिशीसाठी थांबत नाही. पण लहान मुलं घोड्यावर बसणार, कधीतरी एखादं पडणार. त्या दिवशी पोलीस पहिला प्रश्न विचारतील की ही जागा कुठल्या परवानगीने चालते. वहिनींनी हा विषय तिथेच संपवला.

दुसरा पर्याय म्हणजे सरकारकडून जमिनीचा उपयोगच बदलून घेणं. कलम २३-क खाली राज्य सरकार विकास योजनेत फेरबदल करू शकतं. पण ते काम भोपाळच्या पातळीवरचं. आठ बिघ्यांच्या एका कुटुंबाने त्यावर धंद्याचं वेळापत्रक बांधू नये, असं मी स्पष्ट सांगितलं. तिसरा, निवेश क्षेत्राच्या बाहेर, घाटाखाली जमीन घ्यायची. तिथे बांधकामाचा प्रश्न मुख्यतः ग्रामपंचायतीकडे जातो, १९९३ च्या पंचायत कायद्याच्या कलम ५५ खाली. पण शहरापासून लांब, रोज शिकायला येणारी मुलं तुटणार, आणि आजोबांची जमीन पडून राहणार.

उरला तो पर्याय आकसण्याचा. कृषी उपयोगात जे चालतं त्यातच बसेल असं काहीतरी उभं करायचं: गुरांचे-घोड्यांचे गोठे, राहतं शेतघर, मोकळं मैदान. पाहुणे राहणार ते त्याच घरात, पर्यटन मंडळाच्या फार्म-स्टे नोंदणीखाली. वेगळी कॉटेज नाहीत. म्हणजे बांधून झालेल्या जोत्यांवर पाणी सोडायचं.

दादा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, ‘चार खोल्यांचं उत्पन्न गेलं तर घोडे काय खातील?’ प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्या नकाशात त्याचं उत्तर नव्हतं. ते मिळालं जनावरांकडूनच.

काय केलं

आधी जनावरांचा हिशेब मांडला. हे काम खरं तर जमीन मोजण्याच्याही आधी व्हायला हवं. त्यांचे घोडे साडेतीनशे किलोच्या आसपासचे. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा एवढाच भार, असा साधारण नियम जाणकार पाळतात. म्हणजे खोगिरासकट सत्तर किलो. पासष्ट किलोच्या वरचा माणूस या घोड्यांवर बसवूच नये. तिकीट काढून कोणीही बसावं, एक चक्कर मारावी, हा धंदा इथेच संपला. बैलगाडीचंही तसंच. ओझ्याच्या जनावरांबद्दल १९६५ चे केंद्राचे नियम आहेत: गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं, दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही. इंदुरात एप्रिल-मे महिन्यांत हे रोजचंच. शाळांच्या उन्हाळी सहलींसाठी छापलेलं ‘दुपारची बैलगाडी सफर’ हे पत्रक वहिनींनी स्वतः फाडलं.

यातून मुलाने रस्ता काढला: मुलांचे घोडेस्वारीचे वर्ग, सकाळ-संध्याकाळ, महिन्याच्या फीवर. पोरं हलकी, घोडे ठरलेले, वेळ उन्हाबाहेरची. कुंपणाच्या आतलं मैदान पुरतं, गाडरस्त्यावर रपेट न्यायची गरज नाही. उत्पन्न कॉटेजपेक्षा कमी, पण नियमित. नकाशावर चार इमारतींच्या जागी एक मोकळा चौकोन आला.

याच सुमाराला एक घोडी आली, लग्नाच्या वरातीत चालणाऱ्याकडून घेतलेली. तिसऱ्या दिवशी तिच्या नाकातून पिवळसर स्राव दिसला. मुलाला वाटलं सर्दी. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, तिला आत्ता वेगळी करा, तिची बादली कोणाला लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. शंका ग्लँडर्सची होती. या रोगावर घोड्यासाठी लस नाही, आजारी घोड्यावर उपचार करत नाहीत, तो माणसाला होऊ शकतो. २००९ च्या जनावरांच्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे आणि निदान पक्कं झालं तर घोडा मारावा लागतो. पशुपालन विभागामार्फत रक्ताचा नमुना हिसारच्या अश्व अनुसंधान केंद्राकडे गेला. निकाल येईपर्यंत घोडी आंब्याखाली ताडपत्रीच्या आडोशाला. वहिनी रोज संध्याकाळी लांब उभ्या राहून तिच्याशी बोलायच्या. घोडी मान वळवून बघायची आणि यांना जवळ जाता यायचं नाही. निकाल निगेटिव्ह आला, सर्दीच होती.

पण माझ्या नकाशातली चूक त्या ताडपत्रीने दाखवली. नव्या जनावराला वेगळं ठेवायला जागा मी काढलीच नव्हती. माणसांच्या घरात पाहुण्यांची खोली काढायला मी कधी विसरले नसते. नकाशा पुन्हा काढला: मुख्य तबेल्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, स्वतंत्र पाण्याच्या हौदासह एका घोड्याचा विलगीकरणाचा तबेला. बाकीचे खण बारा बाय बारा फुटांचे, खाली मुरमाची भर, कारण काळ्या मातीत पावसाळाभर ओलसर उभं राहिलं की खूर सडतात.

मग शेण. पाच घोडे, रोज प्रत्येकी वीस किलोच्या घरात, बैल-गाईंचं पन्नास-साठ. रोजची दीड क्विंटलच्या वर लीद आणि शेण, महिन्याला साडेचार-पाच टन. सोयाबीनच्या शेतकऱ्याला हे सोनं आहे आणि विहिरीच्या वर साचलं तर विष. उकिरडा हलवून नाल्याच्या उलट्या बाजूला नेला; पक्का तळ, तीन बाजूंनी भिंत, पावसाळ्यात वर पत्रा, शेजारी गांडूळखताचे वाफे.

यानंतरच आम्ही काकांच्या ओसरीवर गेलो. दादांनी आधी विहिरीबद्दल माफी मागितली, सरळ, कारणं न देता. मग नवा नकाशा पसरला: फाटक आत घेतलेलं, गाड्या कुंपणाच्या आत, गाडरस्ता मोकळा. तो गाडरस्ता काकांच्या हद्दीतून जातो, हे दोघांनाही माहीत होतं. पण कागदावर तो काय आहे ते कोणी पाहिलं नव्हतं. मी गावच्या वाजिब-उल-अर्जची, म्हणजे गावातल्या रूढ हक्कांच्या नोंदवहीची, नक्कल काढून नेली होती. त्यात वाट रूढीची म्हणून नोंदलेली सापडली. भांडायचंच असतं तर भू-राजस्व संहितेच्या कलम १३१ खाली तहसीलदारांकडे जाता आलं असतं. काकांनी ती नक्कल चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, नोंद आहे ती आहे, पण ती बैलगाडीची वाट आहे, बसची नाही. शेवटी ठरलं ते असं: मोठी वाहनं मुख्य रस्त्यालाच थांबतील, कापणीच्या पंधरवड्यात रविवारी पाहुणे नाहीत, आणि दर हंगामाआधी काकांच्या शेतात चार ट्रॉल्या कुजलेलं खत. काकांनी लेखी संमती दिली.

एवढं होऊनही विकासाच्या परवानगीचा पहिला अर्ज परत आला. दादांचा खसरा बटा नंबरचा, म्हणजे जुन्या नंबराचा वाटणीत पडलेला तुकडा. बी-वनमध्ये, म्हणजे खातेदाराच्या जमिनीच्या उताऱ्यात, तो वेगळा होता. पटवाऱ्याच्या (तलाठ्याच्या) नक्शात त्याची तरमीमच झालेली नव्हती, म्हणजे तुकड्याची रेघ कधी ओढलीच गेली नव्हती. नक्शात जी जमीन नाही तिच्यावर नकाशा कसा मंजूर होणार? तरमीम आणि सीमांकनासाठी तहसीलला अर्ज, गव्हाची कापणी होईपर्यंत थांबणं, मग आर.आय. (राजस्व निरीक्षक) आणि पटवारी यांच्यासमोर मोजणी. या एका रेघेत पाच महिने गेले.

निष्पत्ती

दुसऱ्यांदा केलेला अर्ज मंजूर झाला: शेतघर, गोठा, तबेला, विलगीकरण, चारा-कोठार. दोन जोती मजुरांनी आठवडाभरात उखडली, खणलेले पाये बुजवले. दादा ते बघायला थांबले नाहीत. शेतघरातल्या दोन खोल्या फार्म-स्टे म्हणून नोंदवल्या. वर्गाला सकाळी-संध्याकाळी मिळून पंचवीस-तीस मुलं येतात. त्यातल्या काही पालकांनाच आता बैलगाडीच्या फेरीचं जास्त अप्रूप आहे. मूळ बेतातलं उत्पन्न अजून आलेलं नाही, निम्म्याच्या थोडं वर आहे. बैल दुपारी बाभळीखाली बसलेले असतात.

ती घोडी राहिली. लहान मुलांसाठी सगळ्यात शांत तीच निघाली. उखडलेल्या जोत्यांचे दगड मैदानाच्या कडेला दोन पायऱ्यांसारखे रचले आहेत, त्यावर चढून पोरं तिच्या पाठीवर बसतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडला तो क्रम. जमीन, मग बांधकाम, मग जनावरं, मग शेजारी, असं हे झालं. उलट गेले असते तर पायाचा एकही दगड वाया गेला नसता. जनावर दिवसभर काय करणार, किती जण त्याच्याजवळ येणार, त्याचं शेण कुठे जाणार, आजारी पडलं तर कुठे उभं राहणार, एवढं लिहून काढलं असतं तर चार कॉटेजची कल्पना कागदावरच गळून पडली असती. निवेश क्षेत्राची चौकशी एका दिवसाचं काम आहे: खसरा घेऊन जायचं आणि विकास योजनेतला उपयोग विचारायचा. ती डायव्हर्शनचे पैसे भरण्याच्या आधी करायची.

पटवारी नक्शात आपली रेघ आहे का, हेसुद्धा तेव्हाच बघायचं. वडिलोपार्जित जमिनीत हा दोष इतक्यांदा सापडतो की मी आता पहिल्या भेटीत बी-वनबरोबर नक्शाही मागते. या प्रकरणात तो मीच उशिरा मागितला. ते पाच महिने काही अंशी माझ्या खात्यावर आहेत आणि तसं मी दादांना सांगितलं आहे.

फार्म-स्टेच्या दोन खोल्यांनी भागेल का, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही. मुलाला पुढे कधीतरी कलम २३-कचा विचार करावासा वाटतो. मी त्याला दोन हंगामांचे हिशेब आधी नीट लिहायला सांगितलं आहे.

आणि काकांची रस्त्याची संमती अजून साध्या कागदावरच आहे. काका सत्तरीच्या पुढचे, त्यांचे दोन मुलगे पुण्यात आणि देवासला. करार रीतसर नोंदवून घ्यायला हवा हे दोन्ही घरांना पटलं आहे. सोयाबीन निघालं की दिवाळीनंतर बसायचं ठरलं आहे.